दाताच्या रंगाची भरणद्रव्ये: गुणधर्म, निवड आणि उपयोग

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी जमल्या पाहिजेत.

- तोंडातील परिस्थिती भरणद्रव्याकडून कोणत्या अपेक्षा ठेवते, हे सांगणे.
- कंपोझिट रेझिन आणि ग्लास आयनोमर सिमेंट यांची घडण, घट्ट होण्याची प्रक्रिया आणि दाताला चिकटण्याची पद्धत यांतील फरक स्पष्ट करणे.
- समोरच्या रुग्णासाठी योग्य द्रव्य निवडणे आणि त्या निवडीचे कारण देणे.

१. विषयप्रवेश: एका घरातले चार दात

दिल्लीच्या करोल बागेत, बीडनपुऱ्याच्या दागिन्यांच्या बाजारात मराठी बोलणे कानावर पडले तर नवल वाटू देऊ नका. सांगली जिल्ह्यातील खानापूर, विटा, आटपाडी आणि सातारा जिल्ह्यातील खटाव, माण या कमी पावसाच्या पट्ट्यातून सोने-चांदी गाळणारे कारागीर काही पिढ्यांपासून देशभर गेले. या व्यवसायाला गलाई म्हणतात. त्यातली काही कुटुंबे दिल्लीतही स्थिरावली.

अशा एका कुटुंबाची कल्पना करू. कुटुंब काल्पनिक आहे, पण त्यातला प्रत्येक दात तुम्हाला ओपीडीत भेटणार आहे. एका सकाळी घरातले चौघे तपासणीला येतात.

- वडील, वय ४६. भट्टीवर आणि तेजाबाच्या कामात पंचवीस वर्षे गेली आहेत. वरचे पटाशीचे दात पुढून झिजलेले, एकाची कड तुटलेली.
- आजी, वय ७०. लहानपणापासून मिश्री लावण्याची सवय. खालच्या उपदाढांना हिरडीलगत खाचा पडल्या आहेत. गार पाणी लागले की कळ जाते.
- मुलगी, वय १९, महाविद्यालयात शिकते. खालच्या पहिल्या दाढेत, शेजारच्या दाढेला टेकणाऱ्या बाजूला खोल कीड. अजमल खान रोडवरची कुल्फी खाताना पहिल्यांदा दुखले.
- धाकटा मुलगा, वय ६. दुधाच्या दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावर छोटी पोकळी. खुर्चीवर पाच मिनिटेही शांत बसत नाही.

आई बरोबर आली आहे. ती म्हणते, "डॉक्टर, चांदी नको. सगळ्यांत चांगलं पांढरं सिमेंट कोणतं ते सांगा आणि तेच चौघांना भरा."

मागणी साधी आहे, पण तिच्यात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे: 'सगळ्यांत चांगले' असे एक द्रव्य असते. ते नसते. दाताची जागा, पोकळीच्या कडांना उरलेले इनॅमल, तिथला ओलावा, पडणारा भार आणि कीड पुन्हा लागण्याचा धोका, या पाच गोष्टी द्रव्य ठरवतात. चुकीच्या द्रव्याची किंमतही मोठी असते. भरण निकामी झाले की ते काढावे लागते आणि काढताना थोडा निरोगी दातही जातो. दुसरे भरण पहिल्यापेक्षा मोठे होते, तिसरे त्याहून मोठे. काही फेऱ्यांनंतर दाढेचा कंगोरा मोडतो, रूट कॅनॉल लागते, कॅप लागते आणि शेवटी दात काढावा लागतो. म्हणून पहिले भरण करताना तुम्ही पुढच्या तीस-चाळीस वर्षांत किती दात शिल्लक राहील, याचाही निर्णय घेत असता.

२. तोंड भरणद्रव्याकडून काय मागते?

भार. इनॅमल कठीण पण ठिसूळ असते, डेंटिन त्यामानाने लवचीक. इनॅमलचा प्रत्यास्थता गुणांक सुमारे ८४ गिगापास्कल, तर डेंटिनचा सुमारे १८ गिगापास्कल आहे. दाढेवरच्या भरणाला चावण्याचा दाब वारंवार सोसावा लागतो, तोही मोडल्याशिवाय आणि झिजल्याशिवाय. हिरडीलगतच्या भरणावर थेट दाब कमी असतो, पण दात किंचित वाकतो तेव्हा भरणानेही वाकले पाहिजे. नाहीतर ते निखळते.

उष्णता. गरम चहा आणि गार पाणी यांमुळे दात आणि भरण प्रसरण व आकुंचन पावतात. इनॅमलचे प्रसरण दर अंश सेल्सिअसला सुमारे दहा लाखांत ११ भाग, तर डेंटिनचे सुमारे ८ भाग असते. ग्लास आयनोमरचे प्रसरण याच्या जवळचे आहे. कंपोझिटचे साधारण २५ ते ४० भाग, म्हणजे दाताच्या कित्येक पट आहे. दोघांच्या प्रसरणात जितका फरक, तितका कडेच्या जोडावर ताण.

ओलावा आणि आम्ल. तोंडात लाळ कायम असते. जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागते. भरणद्रव्याने पाण्यात आणि आम्लात टिकायला हवे.

जोड. दात आणि भरण यांच्यामधल्या फटीत द्रव आणि जिवाणू शिरतात. या गळतीतून कडांना रंग चढतो, कळ येते आणि भरणाशेजारी पुन्हा कीड लागते. भरण बदलण्याच्या प्रमुख कारणांत ही पुन्हा लागलेली कीड मोडते.

रंग. रंग जुळण्यात छटेबरोबर पारभासकताही येते. प्रकाश दातात थोडा आत शिरतो, पसरतो आणि परततो. तसे न झाल्यास रंग बरोबर असूनही भरण खडूसारखे दिसते.

कोणतेही एक द्रव्य या सर्व अपेक्षा पूर्ण करत नाही, हे पुढे दिसेल.

३. थोडा इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुढच्या दातांसाठी सिलिकेट सिमेंट वापरात होते. ते दाताच्या रंगाचे होते आणि फ्लोराइडही सोडत असे, पण लाळेत हळूहळू विरघळे आणि दातातील मज्जेला, म्हणजे पल्पला, त्रास देई.

१९४० च्या दशकात खुर्चीवरच घट्ट होणारे अ‍ॅक्रिलिक आले. ते विरघळत नव्हते, पण घट्ट होताना आकारमानात सुमारे ७ टक्के आकसे आणि त्याचे औष्णिक प्रसरण दाताच्या सातपटीच्या आसपास होते. कडेला फट पडे, गार-गरमाबरोबर त्या फटीत द्रव आत-बाहेर करी आणि भरणाखाली कीड वाढत राही. हा इतिहास अजून संपलेला नाही. नोंदणी नसलेले, रस्त्याकडेला बसणारे 'दातवाले' अजूनही असेच अ‍ॅक्रिलिक दातांत भरतात आणि नकली दात शेजारच्या दातांना त्यानेच चिकटवतात. कायद्यानुसार नोंदणीशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. असे भरण घेऊन आलेल्या रुग्णाला रागावू नका. भरण काढून आत किती दात उरला आहे ते पाहा.

पुढे तीन शोधांनी चित्र बदलले. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल खरबरीत केल्यास त्यावर रेझिन घट्ट बसते हे दाखवले. १९६२ मध्ये राफेल बोवेन यांच्या बिस-जीएमए या रेझिनला पेटंट मिळाले. आजच्या बहुतेक कंपोझिटचा पाया या रेझिनच्या कुळातच आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये अ‍ॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ग्लास आयनोमर सिमेंट जगापुढे आणले. त्यांनी सिलिकेट सिमेंटच्या काचेची कल्पना ठेवली आणि फॉस्फोरिक आम्लाच्या जागी पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल घेतले.

४. कंपोझिट रेझिन

घडण. कंपोझिट म्हणजे संमिश्र. त्यात तीन मुख्य घटक असतात: रेझिनचा साचा, त्यात विखुरलेले काच किंवा सिलिकाचे कण म्हणजे फिलर, आणि दोघांना बांधणारे सिलेन. फिलर वजनाने साधारण ५० ते ८५ टक्के असतो. फिलर वाढला की मजबुती वाढते आणि आकुंचन, प्रसरण व झीज कमी होते. सिलेनचा बंध तुटला तर कण सुटतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो.

प्रकार. कणांच्या आकारानुसार प्रकार पडतात. जुन्या मॅक्रोफिल्डमध्ये मोठे कण होते. पृष्ठभाग गुळगुळीत राहत नसे. मायक्रोफिल्डमध्ये सुमारे ०.०४ मायक्रोमीटरचे कण असतात. त्याला चकाकी उत्तम येते, पण ताकद कमी. हायब्रिडमध्ये दोन्ही आकारांचे मिश्रण असते. नॅनोफिल्ड आणि नॅनोहायब्रिड प्रकारांत ताकद आणि चकाकी यांचा मेळ बऱ्यापैकी बसतो, म्हणून ते पुढे-मागे दोन्हीकडे चालतात.

घट्ट होणे. बहुतेक कंपोझिट निळ्या प्रकाशाने घट्ट होतात. त्यातील कॅम्फरक्विनोन सुमारे ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषून पॉलिमरीकरण सुरू करते. प्रकाश खोलवर पोहोचत नाही, म्हणून नेहमीचे कंपोझिट २ मिलिमीटरपेक्षा जाड थरात भरू नये. बल्क-फिल प्रकार साधारण ४ मिलिमीटरपर्यंत चालतात. दिव्याचे टोक जितके दूर, तितका प्रकाश क्षीण. वरून कडक वाटणारे भरण तळाशी मऊ राहू शकते आणि ते वरून पाहून कळत नाही. दिव्याची तीव्रता वेळोवेळी रेडिओमीटरने तपासा आणि नारिंगी चष्मा किंवा ढाल वापरा.

आकुंचन. पॉलिमरीकरणात रेणू जवळ येतात आणि कंपोझिट आकारमानात साधारण २ ते ३ टक्के आकसते. भरण भिंतींना चिकटलेले असल्याने आकसताना भिंती आत ओढते. किती ओढेल, हे पोकळीच्या आकारावरही अवलंबून असते. चिकटलेल्या पृष्ठभागांचे मोकळ्या पृष्ठभागांशी असलेले गुणोत्तर म्हणजे सी-फॅक्टर. पेटीसारख्या, पाच भिंतींच्या पहिल्या वर्गाच्या पोकळीत हा सी-फॅक्टर ५ येतो. चौथ्या वर्गात, म्हणजे पटाशीच्या तुटलेल्या कोपऱ्यात, तो बराच कमी असतो. म्हणून दाढेतले कंपोझिट तिरप्या थरांनी, एका वेळी कमी भिंतींना टेकवत भरतात.

दाताला चिकटणे. कंपोझिट स्वतःहून दाताला चिकटत नाही. इनॅमलवर सुमारे ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल १५ ते ३० सेकंद लावतात. धुऊन वाळवल्यावर इनॅमल दुधी, धुरकट दिसते. त्या सूक्ष्म खाचांत बाँडिंग रेझिन शिरून घट्ट होते. हा बंध भरवशाचा आहे. डेंटिनवर काम अवघड असते. तिथे आम्ल १५ सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये आणि धुतल्यावर डेंटिन कोरडेठाक करू नये. अति वाळवल्यास कोलॅजनचे जाळे कोसळते आणि रेझिन आत शिरत नाही. रेझिन आणि कोलॅजन यांच्या या मिश्र थराला हायब्रिड थर म्हणतात. नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये त्याचे वर्णन केले.

करोल बागेतल्या वडिलांना हे समजावणे सोपे आहे. सोन्याचे झाळकाम करताना सांधा आधी स्वच्छ करून टाकणखार लावावा लागतो. मळलेला सांधा धरत नाही. आमच्याकडेही तसेच आहे: आम्लाने सांधा तयार होतो आणि त्यावर लाळेचा एक थेंब पडला तरी तो पुन्हा तयार करावा लागतो. म्हणून रबर डॅम लावणे ही औपचारिकता नाही.

मर्यादा. तंत्र अवघड, वेळ जास्त, ओलावा चालत नाही. युजेनॉल रेझिनच्या पॉलिमरीकरणात अडथळा आणते, म्हणून झिंक ऑक्साइड युजेनॉलवर कंपोझिट थेट भरू नका. दात ब्लीच केल्यानंतरही लगेच बाँडिंग करू नये. एक-दोन आठवडे थांबावे.

५. ग्लास आयनोमर सिमेंट

घडण आणि घट्ट होणे. फ्लोरोअ‍ॅल्युमिनोसिलिकेट काचेची पूड आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाचे पाण्यातील द्रावण एकत्र केले की आम्ल-अल्कली अभिक्रिया सुरू होते. आधी कॅल्शियमचे आणि नंतर अ‍ॅल्युमिनियमचे आयन आम्लाच्या साखळ्या एकमेकींना बांधतात. काही मिनिटांत सिमेंट घट्ट वाटते, पण अभिक्रिया पहिल्या २४ तासांत आणि त्यानंतरही सुरू राहते. पाणी हा या द्रव्याचाच भाग आहे. सुरुवातीला जास्त पाणी लागले तर आयन धुऊन जातात, कोरडे पडले तर तडे जातात. म्हणून भरल्याबरोबर व्हॅसलिन किंवा संरक्षक लेप लावतात.

दाताला चिकटणे. हे या द्रव्याचे सर्वांत मोठे बळ आहे. आम्लाचे कार्बोक्झिल गट दातातील कॅल्शियमशी थेट रासायनिक बंध करतात. वेगळे बाँडिंग लागत नाही. १० टक्के पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल १० ते २० सेकंद लावून पृष्ठभाग स्वच्छ केला की पुरते. बंधाची ताकद कंपोझिट-इनॅमल बंधापेक्षा कमी असते, पण तो डेंटिनवरही जमतो आणि थोडा ओलावा सोसतो.

फ्लोराइड. पहिल्या एक-दोन दिवसांत फ्लोराइड भरपूर सुटते, नंतर थोडे-थोडे. फ्लोराइडची टूथपेस्ट वापरल्यास सिमेंट ते पुन्हा साठवते आणि पुन्हा सोडते. यामुळे कीड नक्की थांबेल असे मात्र रुग्णाला सांगू नका. घासणे आणि साखरेवरचा ताबा यांना पर्याय नाही.

मर्यादा. ताण सोसण्याची क्षमता कमी, ठिसूळपणा जास्त, झीज जास्त, रंग काहीसा अपारदर्शक. आम्लात ते हळूहळू विरघळते. त्यामुळे कायमच्या दाढेच्या मोठ्या, चावण्याच्या भरणासाठी साधे ग्लास आयनोमर पुरत नाही.

६. मधली द्रव्ये

रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयनोमर. यात मूळ आम्ल-अल्कली अभिक्रिया तशीच राहते. जोडीला हेमा नावाचे रेझिन असते आणि ते प्रकाशाने घट्ट होते. सुरुवातीची ताकद, रंग आणि पाण्यापासूनचा बचाव सुधारतो; दाताशी रासायनिक बंध आणि फ्लोराइडही टिकतात. रेझिनमुळे थोडे आकुंचन मात्र येते.

कंपोमर. हे मुळात कंपोझिटच आहे. त्यात आम्लगट आणि ग्लास आयनोमरची काच मिसळलेली असते, पण पाणी नसते. आधी ते प्रकाशाने घट्ट होते आणि तोंडातले पाणी शोषल्यावर थोडी आम्ल-अल्कली अभिक्रिया होते. त्याला बाँडिंग लागते आणि फ्लोराइड ग्लास आयनोमरपेक्षा कमी सुटते. नावावरून ते दोघांच्या बरोबर मधोमध आहे असे समजू नका. वागणे कंपोझिटच्या बाजूने झुकलेले आहे.

७. तुलना

| गुणधर्म | कंपोझिट | रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयनोमर | ग्लास आयनोमर |
|---|---|---|---|
| दाताशी जोड | आम्ल आणि बाँडिंग लागते | रासायनिक, थोडा यांत्रिक | रासायनिक |
| ताकद | जास्त | मध्यम | कमी |
| झिजेला विरोध | चांगला | मध्यम | कमी |
| ओलावा चालणे | नाही | काही प्रमाणात | काही प्रमाणात |
| फ्लोराइड | नगण्य | चांगले | चांगले |
| रंग आणि चकाकी | उत्तम | चांगली | साधारण |
| लागणारा वेळ | जास्त | मध्यम | कमी |

तक्ता पाठ करण्याआधी त्यातला एक धागा पाहा. ताकद आणि रंग ज्या बाजूला आहेत, त्या बाजूला ओलावा चालत नाही आणि वेळ जास्त लागतो. निवड म्हणजे या देवाणघेवाणीतून वाट काढणे.

८. चार दात, चार निर्णय

वडील: तुटलेली कड. सोने शुद्ध करताना नायट्रिक आम्ल, म्हणजे तेजाब, वापरतात. आम्लाच्या वाफेत काम करणाऱ्यांच्या पुढच्या दातांचे इनॅमल झिजते, ही व्यावसायिक आरोग्यातील जुनी, परिचित गोष्ट आहे. ओठांनी न झाकलेल्या भागावर तिचा परिणाम आधी दिसतो. म्हणून "काम काय करता?" हा प्रश्न केसपेपरवर असायलाच हवा.

इथे ग्लास आयनोमर चालणार नाही. कडेवर भार येतो, समोरून दिसते आणि ज्या आम्लाने इनॅमल झिजले तेच सिमेंटही खाईल. नॅनोहायब्रिड कंपोझिट निवडा. इनॅमलच्या कडेला बेव्हल द्या, आत डेंटिनच्या छटेचा आणि बाहेर इनॅमलच्या छटेचा थर द्या. छटा रबर डॅम लावण्यापूर्वी, दात ओला असताना आणि शक्य तर दिवसाच्या उजेडात ठरवा. वाळलेला दात पांढरट दिसतो आणि फसवतो. शेवटी चावा तपासा.

पण एवढ्याने उपचार पूर्ण होत नाही. कारखान्यात वाफ बाहेर काढणारा पंखा, मुखपट्टी, काम संपल्यावर साध्या पाण्याने चूळ आणि त्यानंतर लगेच ब्रश न करणे, हे सांगा. कारण तसेच राहिले तर भरण जागेवर राहील आणि भोवतालचा दात झिजत जाईल.

आजी: हिरडीलगतच्या खाचा. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. ती रोज दातांवर घासल्याने हिरडीलगतचा मऊ भाग झिजतो. दात भरण्याआधी आरसा घेऊन गाल, जीभ, हिरड्या आणि जिभेखालची जागा नीट पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, उघडण्यास आखडणारे तोंड यांपैकी काहीही दिसले तर भरण थांबू शकते, पुढची तपासणी नाही.

खाचेची खालची कड इनॅमलवर नाही, मुळाच्या डेंटिनवर आहे. हिरडी जवळ असल्याने जागा पूर्ण कोरडी राहत नाही. भार कमी, पण दात वाकतो. इथे रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयनोमर योग्य. अशा खाचांत ग्लास आयनोमर गटातील द्रव्ये टिकून राहण्याची नोंद चांगली आहे. आजींशी बोलताना "सोडा" असे एकदा म्हणून विषय संपवू नका. "आजी, मिश्रीनं दात साफ होत नाहीत, झिजतात. ही खाच बघा," असे म्हणून आरशात दाखवा.

मुलगी: खोल, दोन बाजूंची पोकळी. क्ष-किरण चित्रात कीड पल्पच्या जवळ आहे. वरच्या कडांना इनॅमल आहे, पण शेजारच्या दाढेच्या बाजूची खालची कड हिरडीखाली, डेंटिनवर गेली आहे. फक्त कंपोझिट भरले तर तीच कड सर्वांत आधी गळेल. फक्त ग्लास आयनोमर भरले तर चावण्याच्या दाबाखाली मोडेल.

दोघांना एकत्र आणणारी पद्धत म्हणजे ओपन सँडविच. हिरडीकडच्या तळाशी रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयनोमर, त्यावर थराथराने कंपोझिट. पल्पच्या अगदी जवळच्या जागी आधी कॅल्शियम हायड्रॉक्साइड किंवा एमटीएसारखे संरक्षक द्रव्य. मॅट्रिक्स पट्टी आणि पाचर नीट बसवा, नाहीतर दोन दाढांत फट राहते आणि प्रत्येक जेवणात अन्न अडकते.

चार दिवसांनी मुलगी परत येऊन म्हणाली, "चावताना ठणकतं," तर लगेच रूट कॅनॉलचा विचार करू नका. आधी पाहा: चाव्यात उंचवटा राहिला का? डेंटिन अति वाळवले होते का? एकदम जाड थर भरला होता का? आकुंचनाने फट पडली की डेंटिनच्या नलिकांतील द्रव हलतो आणि कळ येते. तात्पुरती कळ काही दिवसांत ओसरते. रात्री झोपमोड करणारी, आपोआप येणारी वेदना वेगळी. तिथे पल्पची तपासणी लागते.

धाकटा मुलगा: दुधाची दाढ. एकाच पृष्ठभागाची छोटी पोकळी, थोडीशी लाळ आणि अधीर मूल. मऊ कीड हाताच्या हत्यारांनी काढून जाडसर ग्लास आयनोमर बोटाने दाबून भरा. ड्रिलशिवाय आणि विजेशिवाय करता येणारी ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. तिला एआरटी म्हणतात. एका पृष्ठभागाच्या पोकळीत तिचे परिणाम चांगले आहेत, दोन पृष्ठभागांच्या पोकळीत कमी. दुधाच्या दाढेची बाजू मोठ्या प्रमाणात गेली असती, तर पांढऱ्या भरणापेक्षा स्टीलची कॅप अधिक टिकाऊ ठरली असती. हे आईला स्पष्ट सांगा, रंग तिला नकोसा वाटला तरी.

९. आणि चांदी?

आई म्हणाली होती, "चांदी नको." अमाल्गम म्हणजे चांदीयुक्त मिश्रधातू आणि पारा यांचे भरण. ते टिकाऊ आणि ओलाव्यात सोपे आहे, पण ते दाताला चिकटत नसल्याने भरणासाठी निरोगी दातही कापावा लागतो. पाऱ्याच्या पर्यावरणातील परिणामांमुळे २०१३ मध्ये मिनामाता करार झाला. भारताने त्याला १८ जून २०१८ रोजी मान्यता दिली. २०२२ मध्ये करारातील देशांनी दुधाचे दात, १५ वर्षांखालील मुले, गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी, डॉक्टरला आवश्यक वाटल्याखेरीज, अमाल्गम टाळण्याचे ठरवले. त्यामुळे दाताच्या रंगाची द्रव्ये नीट हाताळणे हे तुमच्या पिढीचे रोजचे काम असणार आहे. जुने अमाल्गम भरण कडांना घट्ट आणि चांगले असेल, तर केवळ रंगासाठी ते उखडू नका.

सारांश

- कंपोझिट: ताकद आणि रंग उत्तम, पण कोरडी जागा, इनॅमलची कड आणि वेळ हवा.
- ग्लास आयनोमर: रासायनिक बंध आणि फ्लोराइड, पण ताकद व आम्लातील टिकाऊपणा कमी.
- रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयनोमर: हिरडीलगत आणि सँडविचच्या तळाशी उपयुक्त.
- पहिले भरण शक्य तितके छोटे ठेवा; दात कशाने बिघडला ते विचारा आणि ते कारण थांबवण्याचा सल्ला द्या.

आईच्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल: "ताई, चौघांना पांढरंच भरू. पण चौघांचे दात वेगळे, म्हणून द्रव्यही वेगळं."

स्वाध्याय

१. पहिल्या वर्गाच्या पोकळीत कंपोझिट एकाच थरात भरल्यास काय होईल? सी-फॅक्टर आणि प्रकाशाची पोच, या दोन्हींच्या आधारे लिहा.

२. ग्लास आयनोमर भरल्यावर व्हॅसलिन लावले नाही तर कोणते दोन विरुद्ध धोके संभवतात?

३. डेंटिन ओलसर ठेवा आणि लाळ लागू देऊ नका, या दोन सूचनांत विरोध का नाही?

४. वडिलांच्या जागी लिंबू-सोडा रोज तीनदा पिणारा तरुण असता, तर द्रव्य बदलले असते का? सल्ला बदलला असता का? कारणे द्या.

५. तुमच्या गावात दात कशाने घासतात याची यादी करा: राख, मिश्री, दंतमंजन, कडुलिंबाची काडी, ब्रश. प्रत्येकाने हिरडीलगतच्या भागावर काय परिणाम होऊ शकतो, ते लिहा.